हिशेबात आपला रस्ताही धरा: आरोग्य तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनात कोकणातल्या माणसाने कसं उतरावं

दादाचं डायलिसिस सरकारी योजनेत फुकट होतं. मशीन, सुई, नळ्या, कशाचेच पैसे पडत नव्हते. तरी दोन वर्षांत वहिनीने गोठ्यातल्या दोन्ही म्हशी विकल्या. पैसे गेले ते रस्त्यावर. वाडीतून तिठ्यापर्यंत रिक्षा, तिठ्यावरून एसटी, एसटी चुकली की परत रिक्षा, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, तालुक्याला चहा आणि वडापाव. पावसात व्हाळ भरला की मोठा वळसा. हा खर्च कुठल्याच कागदावर आला नाही. कुणी विचारला नाही, आणि सांगायचा कुठे हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

सांगायची जागा असते, हे मला फार उशिरा कळलं. गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना या कामात उतरायला मदत करते. नव्याने येणाऱ्याला पहिल्या दिवशी जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी शब्द समजून घ्या

आरोग्य तंत्रज्ञान म्हटलं की डोळ्यांसमोर मोठं मशीन येतं. पण लस, गोळी, तपासणीचं किट, शस्त्रक्रियेची पद्धत, माकडतापाच्या, म्हणजे गोचिडीतून पसरणाऱ्या तापाच्या, पट्ट्यात अंगाला लावायचं गोचीड पळवणारं तेल, हे सगळं त्यातच येतं. एखादी गोष्ट सरकारी पैशातून सगळ्यांना द्यायची की नाही, हे ठरवण्यापूर्वी काही प्रश्न तपासले जातात. तिचा उपयोग होतो का? धोका किती? आज जे वापरतो त्याच्यापेक्षा ती बरी आहे का? खर्च किती, आणि ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोचेल का? या तपासणीला आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन म्हणतात.

आपल्या देशात केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ पासून यासाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. तिला थोडक्यात एचटीएइन म्हणतात. दिल्लीत तिचं सचिवालय आहे, तज्ज्ञांची तांत्रिक समिती आहे, शेवटी शिफारस करणारं मंडळ आहे, आणि प्रत्यक्ष अभ्यास करणाऱ्या संस्था देशभर आहेत. आपल्याला जवळची म्हणजे परळची प्रजनन व बाल आरोग्य संशोधनाची राष्ट्रीय संस्था. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी गर्भाशयात फुगवायच्या फुग्याचं मूल्यमापन तिथेच झालं.

एक मोजमाप मात्र समजून घ्यायलाच हवं, कारण बैठकीत ते सारखं कानावर पडतं. त्याला क्वाली म्हणतात. पूर्ण निरोगी अवस्थेतलं एक वर्ष म्हणजे १. दुखण्यामुळे जगण्याची प्रत निम्मी झाली असेल तर तेच वर्ष ०.५. नव्या उपचाराने अशी किती वर्षं वाढतात आणि त्या प्रत्येक वर्षामागे किती रुपये जास्त पडतात, असा हिशेब मांडतात. मग तो आकडा देशाच्या दरडोई उत्पन्नाशी ताडून पाहतात. आता जगण्याची प्रत मोजतात कशी? त्यासाठी पाच गोष्टी विचारतात: चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, आणि चिंता किंवा उदासी. प्रत्येकीला पाच पायऱ्या. ही प्रश्नावली जगभर वापरतात.

पहिल्यांदा ती वाचली तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले. दादाचं सगळं दुखणं पाच ओळींत बसत होतं, आणि वहिनी त्यात कुठेच नव्हती. तुमचं काम इथून सुरू होतं. पाच ओळींत जे मावत नाही, ते समितीपर्यंत न्यायचं.

आपण कोण म्हणून बोलतो आहोत ते ठरवा

रुग्ण म्हणून बोलणं वेगळं, नागरिक म्हणून बोलणं वेगळं. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो.

रुग्ण किंवा त्याची काळजी घेणारा सांगतो की या दुखण्यासह दिवस कसा जातो आणि या उपचाराने काय बदललं. त्याचं बळ अनुभवात आहे. नागरिकाला ते दुखणं नसेलही. त्याच्याकडे प्रश्न येतो तो न्यायाचा: पैसा मर्यादित असताना आधी कुणाला? समजा जिल्ह्याला थोडा निधी मिळाला. त्यातून माकडतापाची तपासणी जिल्ह्यातच करणारं यंत्र घ्यायचं, की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरच्या प्रतिविषाचा साठा वाढवायचा? दोडामार्गचा माणूस एक सांगेल, फुरशांच्या कातळावर राहणारा देवगडचा माणूस दुसरं. दोघांचंही बरोबर असू शकतं, म्हणून त्यांना एका ठिकाणी बसवून, माहिती देऊन, विचार करायला वेळ द्यावा लागतो.

इंग्लंडात उपचारांचं असं मूल्यमापन करणारी नाइस ही संस्था १९९९ साली सुरू झाली. २००२ साली तिने सर्वसामान्य ३० माणसांची नागरिक परिषद बसवली. उपचार देताना वयाचा विचार करावा का, असे प्रश्न या परिषदेपुढे ठेवले जात. असे प्रश्न औषधशास्त्राने सुटत नाहीत. त्याला गावकीत बसून निवाडा करण्याची सवय असलेली माणसं लागतात, आणि कोकणात तशी माणसं कमी नाहीत.

विषय निवडा, आणि 'कशाच्या तुलनेत' हे विचारा

'आमच्याकडे आरोग्याची सोय नाही' हा विषय होत नाही. ती तक्रार आहे, खरी आहे, पण तिची जागा ग्रामसभेत आणि जनसुनवाईत. मूल्यमापनाला नेमका प्रश्न लागतो: कुठला उपचार, कुणासाठी, आणि कशाच्या तुलनेत.

रायगडातल्या महाडचं उदाहरण घ्या. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी माणसं दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून पुष्कळ जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे महाडमध्येच ७० रुग्णांवर एक चाचणी झाली आणि २०११ साली ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. निम्म्यांना फक्त प्राझोसिन दिलं, निम्म्यांना प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही. प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले. फक्त प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी ८ जण.

आकडे बोलके आहेत. आता त्यात आपण काय घालायचं? काही तास आधी बरं होणं म्हणजे लावणीच्या दिवसांत काय असतं, ते शेतमजूर बाई सांगू शकते. गोळी केंद्रात कायम असते की प्रतिविष, रात्री दहा वाजता दार कोण उघडतं, सलाइन लावायला कोण असतं, हे ती पाहून आलेली असते. चाचणी सांगते की दोन्ही हाताशी असतील तर काय होतं. दोन्ही हाताशी असतात का, हे गावाने सांगायचं.

डायलिसिसचंही तसंच. केंद्र सरकारचा डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला, तो मशीनवरच्या डायलिसिसचा. दुसरी पद्धत पोटातून करायची: नळीवाटे पोटाच्या पोकळीत द्रव भरायचा, काही तासांनी काढायचा, दिवसातून तीन-चार वेळा, घरीच. रस्ता वाचतो, म्हणून ऐकताच वाटतं की आपल्याला हीच बरी. मलाही वाटलं होतं. मग एका काकींनी विचारलं, पिशव्या ठेवायच्या कुठे? दोन लिटरच्या चार पिशव्या रोज, म्हणजे महिन्याला १२०. कौलारू घर, पावसात भिंतीला ओल, माळ्यावर उंदीर. रस्ता खचला तर पिशव्यांची गाडी येणार कशी? हात निर्जंतुक न होता पिशवी बदलली तर पोटात जंतुसंसर्ग होतो, आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. थायलंडने २००८ साली 'आधी पोटाचं डायलिसिस' असं धोरण घेतलं होतं. २०२२ साली ते बदलून रुग्णाला निवडीची मुभा दिली, आणि त्यावरची चर्चा नंतरही चालू राहिली. काकींचा प्रश्न त्याच जातीचा होता, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

अनुभव गोळा करा, आणि हे काम घाईने करू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. बाकीचं कुणीही शिकवू शकेल, हे मात्र चालूनच करावं लागतं.

पहिल्यांदा कुणाच्या पडवीत जाऊन बसाल तर ऐकाल ते हे:

"माका काय इचारतंस गो? डॉक्टरांका इचार."

मी म्हणते, "डॉक्टरांका किडनीचा म्हायत, काकी. फाटफटी उठान तुमी डबो भरतास, ता त्यांका खय म्हायत?"

मग बोलणं सुरू होतं. 'कसं वाटतं?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'बरा आसा' एवढंच येतं. 'कालचा दिवस उठल्यापासून सांगा' असं म्हणा. गेल्या वेळी दवाखान्यात गेलात तेव्हा घरून किती वाजता निघालात, परत किती वाजता आलात, त्या दिवशी घरात कुठलं काम राहिलं, हे विचारा. या दुखण्यापायी काय करायचं सोडलंत, हा प्रश्न शेवटी ठेवा आणि मग गप्प बसा. एकाने मला सांगितलं, "शिमग्याक पालखी खांद्यार घेवक गावत नाय." पाच ओळींच्या प्रश्नावलीत त्याला जागा नव्हती. त्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठं नुकसान तेच होतं.

वेळ बघून जा. लावणीत शेतकरी भेटणार नाही, काजूच्या हंगामात बागायतीतली बाई भेटणार नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा गाबीत, कोळी, दालदी वस्तीत निवांत बोलता येतं. गणपतीत चाकरमानी घरी येतात. त्यांना वगळू नका. गावातल्या किती आजारपणांचा खर्च मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीतून येतो, आणि परळला तपासणीला आलेला माणूस मुक्कामाला कुणाकडे असतो, हे त्यांच्याकडूनच कळतं.

बायकांशी वेगळं बोला. नवरा समोर असला की बाई म्हणते, "ह्येंका इचार," आणि तो तिच्या दुखण्याबद्दल सांगत सुटतो. बचत गटाची बैठक ही चांगली जागा, आशाताई सोबत असली तर त्याहून चांगलं. रायगडात असाल तर कातकरी वाडीवर जाऊन या, तेही दिवाळीच्या आधी. नंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर गेलेली असतात आणि ती कुणाच्याच यादीत येत नाहीत.

तीन गोष्टी पाळाच. बोलण्याआधी सांगा की हे कशासाठी आणि कुठे जाणार आहे, आणि 'नको' म्हणाले तर उठून या. वहीत नाव लिहू नका. वय, काम, गावापासून दवाखान्याचं अंतर एवढं पुरतं. लहान गावात 'डायलिसिसवाला, मासे विकतो' एवढ्यानेही माणूस ओळखू येतो, तेव्हा लिहिताना तेही सांभाळा. आणि उपचाराने ज्यांना फायदा झाला नाही त्यांच्याकडेही जा. आपल्याला हवं तेच सांगणारी माणसं गोळा केली तर समितीला ते पहिल्या पानावरच कळतं.

वही घाला, हिशेब मांडा

एका बैठकीत आम्ही अडीच पानांचं निवेदन दिलं होतं. वाचताना एकदोघांचे डोळे पाणावले. तरी शेवटच्या अहवालात त्यातला एक शब्दही आला नाही. नंतर तिथल्याच एका अभ्यासकाने समजावलं: ताई, याचं मी गणितात काय करू? तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्याचं म्हणणं रास्त होतं. गणित मांडणाऱ्याच्या हातात आपण आकडा दिला नव्हता.

एचटीएइनच्या कार्यपद्धतीत रुग्णाच्या खिशातून जाणारा खर्चही धरायचा असतो. तो आकडा येणार कुठून? तुमच्या वहीतून. समजा एका फेरीला रिक्षा-एसटीचे ३०० रुपये आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज ४००. एका फेरीचे ७००. आठवड्याला तीन फेऱ्या म्हणजे २,१००. वर्षाच्या ५२ आठवड्यांचे १,०९,२००. 'फुकट' उपचाराचा हा एक लाख नऊ हजार! चार घरांनी तीन महिने अशी वही ठेवली, तर तो एकट्याचा अनुभव राहत नाही.

वहीत तारीख, निघाल्याची आणि परतल्याची वेळ, प्रवासखर्च, बाहेरून घेतलेली औषधं, बुडालेली मजुरी, सोबत कोण होतं, आणि एक ओळ 'आज काय झालं' एवढं लिहा. पावती असेल तर वहीतच टाचा, नसेल तर 'पावती नाही' असं स्पष्ट लिहा. आकडा फुगवू नका. एक फुगवलेला आकडा सापडला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

दोन पानांत लिहा

कॅनडात २०१० पासून औषधांच्या परीक्षणात रुग्णगटांकडून ठरावीक नमुन्यात लेखी माहिती घेतात. आपण तोच क्रम साध्या मराठीत वापरतो. आम्ही कोण, किती जणांशी बोललो, कसं बोललो. दुखण्याने रोजचं जगणं कसं बदलतं. आजच्या उपचाराने काय साधतं, काय नाही. नव्याकडून काय हवं, आणि त्यासाठी कुठला त्रास सोसायची तयारी आहे, कुठला नाही. काळजी घेणाऱ्याचं काय. प्रत्येक मुद्द्याखाली एक आकडा आणि एका माणसाचं एक वाक्य, त्याच्याच बोलीत, खाली प्रमाण मराठीत अर्थ देऊन.

शेवटी एक ओळ न चुकता लिहा: आमच्या गटाने औषध किंवा उपकरण बनवणाऱ्या कुठल्या कंपनीकडून पैसे, प्रवासखर्च, जेवण घेतलं आहे का. घेतलं असेल तर किती. शिबिराला आलेला फुकटचा मंडपही लिहा. लपवलेलं पुढे उघडं पडलं तर ज्या रुग्णांसाठी बोलायला गेलो त्यांचंच नुकसान होतं.

कुठे न्यायचं, आणि कधी

थायलंडमध्ये योजनेत कुठल्या उपचारांचा विचार व्हावा हे सुचवण्याचा हक्क रुग्णगटांना आणि साध्या नागरिकांनाही दिलेला आहे. आपल्याकडे विषय मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकारच्या आरोग्य खात्यांकडून येतात. त्यामुळे आपला मार्ग थोडा लांबचा. निवेदन जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत राज्याच्या आरोग्य विभागाकडे पाठवा, एक प्रत थेट दिल्लीच्या आरोग्य संशोधन विभागाला, आणि विषयाचा अभ्यास कुठल्या संस्थेकडे आहे हे कळलं तर एक प्रत तिथे. पोच घ्या. महिनाभर काहीच कळलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. २००५ चा कायदा यासाठी चांगला उपयोगी पडतो.

गावातली दारंही विसरू नका. रुग्ण कल्याण समिती आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर तरी सगळीकडे आहेत. महाराष्ट्रात २००७ साली आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता, म्हणजे आजचा पालघरही. आरोग्य केंद्राला गावाने गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायचे, हे उत्तर कोकणातल्या अनेक आदिवासी पाड्यांनी करून पाहिलेलं आहे. शिवाय औषधांच्या चाचण्या मंजूर करणाऱ्या प्रत्येक नैतिकता समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा एक सामान्य माणूस असावाच लागतो. जवळच्या महाविद्यालयात अशी समिती असेल तर चौकशी करा.

मात्र सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. अहवालाचा मसुदा आल्यावर सूचना पाठवणारे पुष्कळ असतात, पण तोवर काय मोजायचं ते ठरून गेलेलं असतं. प्रश्न मांडला जात असताना पोचायला हवं. आज डोळ्यांसमोर असलेला विषय माकडतापाचा. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात हा आजार ओळखला गेला. २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्ग, बांदा भागात रुग्ण सापडू लागले. जुन्या लशीचा परिणाम कमी पडत गेला, तिचा वापर थांबला, आणि नव्या लशीवर काम चालू आहे. जुनी लस टोचल्यावर फार दुखायची म्हणून लोक पुढचे डोस टाळत. नवी लस उद्या मूल्यमापनाला येईल तेव्हा 'किती डोस, किती अंतराने' हा प्रश्न येणारच. काजू वेचण्याचे दिवस आणि आजाराचे दिवस एकच असतात. डोसची तारीख हंगामात पडली तर मजूर बाई रोज बुडवून येईल का, याचं उत्तर बांद्याच्या बागायतीत आत्ताच गोळा करून ठेवता येईल.

बैठकीच्या दिवशी

दोघं जा, एकट्याने जाऊ नका. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं. आदल्या दिवशी पोचा. रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाला सकाळी अकराला नीट बोलता येत नाही. प्रवासखर्च, दुभाषी आणि कागदपत्रं मराठीत आधीच मागून ठेवा. मागायला संकोच वाटतो, पण मागितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. रुग्ण स्वतः जात असेल तर त्याचा डायलिसिसचा दिवस सांभाळून तारीख घ्या.

बोलायला पाच मिनिटं मिळतील असं धरून चाला. एक माणूस, एक आकडा, एक मागणी. शब्द कळला नाही तर तिथेच विचारा. मी एकदा विचारलं, तेव्हा शेजारच्या डॉक्टर हळूच म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत, मलाही नीट कळलं नव्हतं."

परत आल्यावर

ज्यांच्या पडवीत बसून लिहून घेतलंत, त्यांच्याकडे परत जा. निर्णय आपल्या बाजूने लागला तरी जा, नाही लागला तर जरूर जा. अहवाल इंग्रजीत असतो. त्यातला आपल्याशी संबंधित भाग एका पानात मराठीत उतरवा, बचत गटात वाचून दाखवा, एक प्रत आशाताईला द्या. आपलं कुठलं म्हणणं घेतलं आणि कुठलं नाही, ते सांगा. कारण दिलं नसेल तर ते विचारणारं पत्र तिथेच बसून सगळ्यांच्या सह्यांनी लिहा.

गेल्या गणपतीच्या आधी मी काकींना असं पान वाचून दाखवलं. पिशव्यांच्या साठवणुकीची एक ओळ त्यात होती. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली, मग कोनाड्यातून वही काढून म्हणाल्या, "पुढचा लिवन ठेवलंय. जूनचा रवला, तेवडा भरून घे."